दादांनी पोळी सोडली नव्हती

आमच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या मराठी मंडळाची वर्षातून एकदा सभा भरते. गेल्या वर्षीच्या सभेत एका तरुण मुलाने जुन्या स्मरणिकेतला एक इंग्रजी परिच्छेद वाचून दाखवला. उच्चार चांगले होते त्याचे. परिच्छेद माझ्या थोरल्या भावाविषयी होता आणि तो मीच लिहिलेला होता. पहिल्याच वाक्यात ‘ऑस्टिअर’ हा शब्द होता. वाचून झाल्यावर टाळ्या वाजल्या. दोघातिघांनी वळून माझ्याकडे पाहत हात जोडले. मीही जोडले. घरी आलो, आणि त्यानंतर काही दिवस मला जेवण गेलं नाही.

त्या परिच्छेदात म्हटलं आहे की माझ्या भावाने उतारवयात आपल्या इच्छेने अन्न सोडलं आणि ते दुधावरच राहू लागले. हे खरं नाही. खरं नाही हे मला लिहितानाही ठाऊक होतं. आता माझी ऐंशी उलटली आहे. तेव्हाचं सगळं कळत्या डोळ्यांनी पाहिलेली माणसं म्हणजे मी आणि माझी बायको, एवढीच उरलो आहोत. ती कधी खोटं बोलली नाही, पण तिला कोणी विचारलंही नाही.

मी जन्मभर इंटर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. संध्याकाळी घरच्या खालच्या खोलीत शिकवणीही घेत असे. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि बँकेच्या, रेल्वेच्या परीक्षांसाठी मुलं शब्दांच्या याद्या घोकत असत. याद्यांमध्ये ‘ऑस्टिअर’पुढे ‘कठोर, सादा’ एवढंच छापलेलं असायचं. मला ते पुरेसं वाटत नसे. हा शब्द खोलीला लावता येतो, जेवणाला, इमारतीला, चेहऱ्यालाही लावता येतो. साधा म्हणजे सोपा, मोकळा, प्रेमळ असा अर्थ त्यात नाही. त्या साधेपणाला एक गारठा आहे. गादी असून जमिनीवर निजणाऱ्याचा तो साधेपणा. मला हा शब्द फार आवडायचा, आणि शब्द आवडला की मास्तर त्याला उदाहरण शोधत हिंडतो. मला उदाहरण घरातच सापडलं.

दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. वहिनी लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं, म्हणून आमच्याच घरात वरच्या खोलीत राहायचे आणि खाली आमच्याकडे जेवायचे. आता लोकांना ते कोणी कृश, गंभीर साधुपुरुष वाटतात. प्रत्यक्षात दादा गल्लीतले नामांकित खाणारे होते. सकाळी गंगेवरून येताना कचौरी, वर जिलबी, हिवाळ्यात दुधाच्या फेसाचा मलइयो, उन्हाळ्यात लस्सी. पुरणपोळी असली की माझ्या बायकोला ते आधीच बजावत, “माझ्या पानाशी मोजायला बसू नकोस हं.” लग्नाकार्यात वाढपी त्यांच्यासमोर आला की पंगतीत हशा पिकायचा. गल्लीच्या तोंडाशी बसणारा कचौरीवाला त्यांना ‘गुरु’ म्हणायचा आणि त्यांच्या द्रोणात न मागता दुसऱ्यांदा भाजी ओतायचा.

त्या वर्षी उन्हाळ्यात दादा प्रत्येक घासावर पाणी पिऊ लागले.

हे माझ्या बायकोच्या आधी लक्षात आलं की माझ्या, यावर आमचा अजून वाद आहे. मला आठवतं ते असं. दादा पोळीचा तुकडा तोंडात टाकत, बराच वेळ चावत, मग तांब्या उचलत. गिळताना मान थोडी पुढे काढत. मग छातीच्या मधोमध मूठ ठेवून जरा थांबत आणि कोणी पाहिलं का ते बघून पुढचा तुकडा मोडत. मी त्यांच्यासमोर बसलेला असायचो. मी आमटीत पाहायचो.

हे सगळं मी पूर्वी पाहिलेलं होतं. आमचे वडील असेच गेले. तेव्हा मी शाळेत होतो. तीच पुढे काढलेली मान, तीच मूठ. त्यामुळे दादांना नुसतं विचारायचं म्हटलं तरी मला भीती वाटायची. दादा तर वडिलांच्या आजारात त्यांच्या उशाशी बसलेले. माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असणार. आम्ही दोघंही एकमेकांसमोर जेवायला बसायचो आणि गरमीबद्दल बोलायचो, बिजली केव्हा येणार त्याबद्दल बोलायचो.

“भाऊजी, पोळी कडक होते का हो?” एकदा बायकोने विचारलं.

“नाही गं. दात गेले आता. थोडी अटकते.”

“दुधात कुस्करून देऊ?”

“दे. लहान मूल झालोय मी.” ते हसले. मीही हसलो, जरा जास्तच मोठ्याने.

मग आषाढी एकादशी आली. आमच्या लोकांत चातुर्मासात काहीतरी सोडायची रीत आहे. कोणी वांगं सोडतं, कोणी पालेभाजी, कोणी एका वेळचं जेवण. आषाढीला धरायचं ते कार्तिकीला सोडायचं. सोडलेला पदार्थ आधी ब्राह्मणाला द्यायचा आणि मग आपण खायचा, की व्रताचं उद्यापन झालं. त्या दिवशी अमृतराव घाटावरून स्नान करून आल्यावर दादांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं, “या चातुर्मासात मी पोळी सोडली.”

माझ्या बायकोचा हात पिठात होता. ती मळत राहिली. मी म्हणालो, “वा! दादा, तुम्ही आणि पोळी? जमेल का?”

त्या क्षणी मला काय वाटलं ते स्पष्ट लिहितो. मला सुटल्यासारखं वाटलं. आता विचारायला नको. आता डॉक्टर नको. चार महिने तरी या गोष्टीला एक नाव मिळालं होतं आणि ते नाव चांगलं होतं. दादांच्या चेहऱ्यावरही मला तीच सुटका दिसली. आम्ही दोघं भाऊ त्या दिवशी किती मोकळेपणाने बोललो! संध्याकाळी घाटावरही बरोबर जाऊन बसलो.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. दादांनी पोळी सोडली, म्हणजे सिंहाने शिकार सोडल्यासारखं. आधी लोक चेष्टा करत.

“का गुरु, नाराज हउवा का हमसे?” कचौरीवाला ओरडायचा. “अब त दर्शनो दुर्लभ हो गयल!”

“व्रत है भाई, व्रत है,” दादा म्हणायचे आणि पुढे व्हायचे.

श्रावणात भातही कमी झाला. मग नुसती पेज. भाद्रपदात पेजही मागे पडली आणि दूध, ताक, गाळलेला फळांचा रस एवढंच राहिलं. चेष्टा केव्हा थांबली ते कळलं नाही. दादा बारीक झाले होते, गालांची हाडं वर आली होती, आवाज खोल गेला होता. या शहरात असा चेहरा लोक ओळखतात, आणि त्याला काय म्हणायचं तेही त्यांचं ठरलेलं असतं. एक दिवस मंडळाचे अध्यक्ष आमच्या दारात आले. वयाने दादांच्या बरोबरीचे, कधीकाळी दादांच्या खाण्यावर सर्वांत जास्त विनोद करणारे हेच. त्यांनी वाकून दादांच्या पायांना हात लावला.

“अहो, हे काय करता?” दादा मागे सरकले.

“राहू द्या. आम्ही जन्मभर वेद म्हटले आणि एक वांगं सोडता आलं नाही. तुम्ही अन्न सोडलंत.”

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. अध्यक्ष गेल्यावर दादा ओट्यावर टेकले. म्हणाले, “धाकट्या, रेल्वेत छत्तीस वर्षं काढली, कोणी पायाला हात लावला नाही रे.” यात चेष्टा होती. पण सगळीच चेष्टा नव्हती.

आणि मी? माझ्या शिकवणीला येणाऱ्या मुलांचे आईबाप आधी ओट्यावर दादांना नमस्कार करत आणि मग माझ्याशी बोलत. माझ्याकडेही निराळ्या नजरेने पाहत. मला ते आवडत होतं. एकीकडे रोज सकाळी वरच्या खोलीतून खोकल्याचा आवाज येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. आवाज आला की चहा घशाखाली उतरायचा. दूध पितानाही त्यांना ठसका लागू लागला, तेव्हा मी जेवायची वेळ बदलली. म्हटलं, कॉलेजमधून उशीर होतो. दादा आधी आणि मी नंतर, असं जेवू लागलो.

त्याच सुमाराला शिकवणीत तो शब्द आला. मी फळ्यावर ‘ऑस्टिअर’ लिहिलं आणि नेहमीप्रमाणे खोली, इमारत, चेहरा ही उदाहरणं दिली. मुलांचे चेहरे कोरेच. मग मी इंग्रजीत वाक्य दिलं, ‘माझे थोरले भाऊ ऑस्टिअर आयुष्य जगतात.’ मुलांनी ते लगेच उतरवून घेतलं. ओट्यावरून आत येतानाच त्यांनी दादांना पाहिलं होतं. याहून चांगलं उदाहरण कोणत्या मास्तराला मिळतं?

एक मुलगी नेहमी मागच्या बाजूला बसायची. फार हुशार नव्हती, पण तिला वाक्यात शब्द कुठे बसतो ते विचारायची सवय होती. ती म्हणाली, “सर, हमारे मोहल्ले में एक परिवार है। एक ही कमरा, खाट तक नहीं। उनके लिए भी यही लिखेंगे?”

“नाही. नहीं लिखेंगे.”

“क्यों सर? सादा तो है।”

मी खडू खाली ठेवला आणि समजावू लागलो. असं समजावण्यात माझा हातखंडा होता. त्या घरात खाट नाही कारण त्यांना ती घेता येत नाही. तो अभाव आहे, त्याला दुसरे शब्द आहेत. ज्याच्याकडे आहे आणि जो घेत नाही, त्याच्यासाठी हा शब्द. मग मी म्हणालो, “भूखे आदमी के खाने को ऑस्टिअर नहीं कहते। जो खा सकता है और नहीं खाता, उसके खाने को कहते हैं।”

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मी छताकडे पाहिलं. वर दादांचा ठसका ऐकू येत होता, दूध प्यायची वेळ होती. मुलगी मान डोलावत लिहीत होती. जो खा सकता है. मी पुढच्या शब्दाकडे वळलो. तो कोणता होता ते आठवत नाही. मी त्यांना काय शिकवलं तेही आठवत नाही. मुलं गेल्यावर मी फळा पुसला आणि तसाच उभा राहिलो, कारण आत गेलो असतो तर बायकोने तोंड पाहून ओळखलं असतं.

तिने तरीही ओळखलं. किंवा तिचा धीर आधीच संपत आला होता.

“अहो, भाऊजींना डॉक्टरांकडे न्या.”

“व्रत आहे त्यांचं.”

“व्रत त्यांनी पोळीचं धरलं होतं. पेजेचं कुठे धरलं होतं? मी परवा पातळ पेज दिली तर मोरीत जाऊन ओकले. मला म्हणाले, धाकट्याला सांगू नकोस.”

“कार्तिकी होऊ दे. मध्येच डॉक्टर, दवाया... लोक काय म्हणतील? चार दिवसांवर तर दिवाळी आली.”

“लोकांना काय करायचंय? ते वाळताहेत.” मग तिने आवाज खाली आणला. “तुम्हाला मामंजींची आठवण येते ना? खरं सांगा.”

मी चिडलो. मी तिला म्हणालो की तुला धर्मातलं काही कळत नाही. लग्न झाल्यापासून असं वाक्य मी तिला कधी बोललो नव्हतो. ती उठून आत गेली. मला आठवतं, मी मनात कार्तिकीपर्यंतचे दिवस धरून बसलो होतो, परीक्षा टळावी म्हणून मूल ताप येण्याची वाट बघतं तसं. कार्तिकीला व्रत संपेल, मग दादा आपणच म्हणतील की आता दाखवून येऊ. किंवा ते पोळी खातील. हो, असाही एक वेडा विचार होता. पानावर पोळी येईल, दादा खातील, आणि ही सगळी भीती माझीच होती असं ठरेल. दिवाळीत दादांनी चकली हातात घेतली, वास घेतला आणि माझ्या शाळकरी मुलाच्या ताटात ठेवली. हे पाहूनही मी तो विचार सोडला नाही.

उद्यापन घरी करायचं होतं. अध्यक्षांनी ऐकलं नाही. म्हणाले, असा प्रसंग पुन्हा पाहायला मिळणार नाही, मंडळाच्या दालनात करू. द्वादशीला दुपारी पंगत बसली. पुरणपोळ्या केल्या होत्या, दादांना आवडतात म्हणून. दादांच्या पानाभोवती रांगोळी घातली होती. त्यांनी एका वृद्ध भटजींना ताटातून पोळी दिली, नमस्कार केला आणि पाटावर बसले. मी त्यांच्या डाव्या हाताला होतो. माझी बायको वाढायला उभी होती. कोणी जेवायला सुरुवात करेना. सगळे दादांकडे पाहत होते.

दादांनी पोळीचा तुकडा तुपात बुडवला. लहानसाच तुकडा. तोंडात घातला. डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला कधी विसरता आलं नाही. निव्वळ सुख होतं ते. चार महिन्यांनी ती चव. मग ते चावत राहिले. चावत राहिले. मान पुढे गेली. उजवी मूठ छातीकडे गेली आणि त्यांनी ती मध्येच थांबवून मांडीवर ठेवली, कारण लोक पाहत होते. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या पाहण्याचा अर्थ अगदी सरळ होता. मला उठव, बाहेर ने.

मी उठलो. एवढं मी नक्की केलं. त्यांच्या काखेत हात घालून मी त्यांना उभं केलं, उपरणं त्यांच्या तोंडाशी धरलं, त्यात त्यांनी तो घास काढला. ते कोणाला दिसलं नाही, कारण मी मध्ये उभा होतो. अध्यक्ष अर्धवट उठले होते. काहीतरी बोलणं भाग होतं. ‘दादांना गिळता येत नाही’, इतके चार शब्द पुरले असते. तिथे बसलेल्यांतला एक डॉक्टर होता. स्वतःचा दवाखाना असलेला, आमच्यातलाच.

मी म्हणालो, “दादांचं मन पोळीवरून उठलं आहे. त्यांनी अन्न कायमचं सोडायचं ठरवलं आहे. त्यांना आग्रह करू नये.”

कोणीतरी ‘हर हर महादेव’ म्हटलं. मग सगळ्यांनीच म्हटलं. लोक उठून नमस्काराला येऊ लागले. तो डॉक्टरही आला. दादा माझ्या खांद्यावर रेलून उभे होते आणि एकेकाला हात वर करून आशीर्वाद देत होते. त्यांचा सगळा भार माझ्यावर होता. भार म्हणावा इतका तो उरला नव्हता.

घरी जिना चढवताना ते दोनदा थांबले. खोलीत गेल्यावर खाटेवर बसले आणि म्हणाले, “काय बोलून बसलास रे?”

“तुमची लाज राखायला बोललो.”

“माझी?” ते म्हणाले. “मी आजच सगळ्यांसमोर सांगणार होतो. पोळी अडकली की आपोआप कळेलच, असं म्हटलं. मला एकट्याला तोंड उघडायचं धैर्य नव्हतं. म्हणून पंगतीला हो म्हणालो.”

मी त्यांच्या पायांवर पांघरूण ओढलं.

“आता दवाखान्यात गेलो तर लोक म्हणतील, ढोंग केलं. चार महिने पाया पडवून घेतलं.” मग ते हसले, त्यांच्या जुन्या तऱ्हेने. “आणि पाया पडून घेताना बरं वाटत होतं, हेही खरंच. तुला सांगतो, पोळी इतकी सुरेख झाली होती! बायकोला सांग तुझ्या.”

इथून पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. बायको रोज एकदा विचारायची, केव्हा नेता? मी म्हणायचो, दादांचं मन वळवतो आहे. दादांचं मन वळलेलंच होतं. मीच अडून बसलो होतो. त्यांना घेऊन गल्लीतून जाताना कोणी भेटला आणि ‘कुठे निघालात?’ म्हणाला, तर काय सांगायचं, याची उत्तरं मी मनात तयार करायचो आणि मोडायचो. त्यातच स्मरणिकेसाठी चार ओळी इंग्रजीत हव्यात असा निरोप अध्यक्षांकडून आला. मी एका बैठकीत लिहून दिल्या. दादा वर खोकत होते. इतका सफाईदार परिच्छेद मी दुसरा लिहिलेला नाही.

हिवाळा सुरू झाला तसे एक दिवस सकाळी दादांनी मलइयो मागितला. तो फेस जिभेवर विरतो, गिळावा लागत नाही. मी कुल्हड घेऊन आलो. त्यांनी दोन चमचे घेतले. तेही नाकातून परत आले. माझ्या बायकोने पदर खोचला, खाली जाऊन रिक्षा आणली आणि मला म्हणाली, “तुम्ही येताय की मी एकटी जाऊ?”

मी गेलो. वाटेत कचौरीवाल्याने पाहिलं. मी जितकी उत्तरं तयार केली होती त्यांतलं एकही लागलं नाही. तो नुसता उठून उभा राहिला आणि त्याने रिक्षाला वाट करून दिली.

सरकारी इस्पितळात दादांना पांढरं, खडूसारखं औषध प्यायला देऊन फोटो काढला. फोटोत ती पांढरी धार अन्ननलिकेत एका जागी सुतासारखी बारीक झालेली दिसत होती. डॉक्टर तरुण होता.

“कब से है ये?”

“कार्तिक से,” मी म्हणालो.

“बैसाख से,” दादा म्हणाले.

डॉक्टरने आमच्या दोघांकडे पाहिलं. “और अब आ रहे हैं? इतने दिन क्या कर रहे थे?”

माझी बायको म्हणाली, “पूजा करवा रहे थे।” डॉक्टरला ते कळलं नसावं. त्याने नळी टाकण्याबद्दल सांगायला सुरुवात केली. ऑपरेशनबद्दल तो बोललाच नाही. मी विचारलं, तेव्हा त्याने मान हलवली.

वैशाखात आले असते तर वाचले असते का, हे मला माहीत नाही. कोणी सांगूही शकत नाही, आणि मी ते विचारायला कोणाकडे गेलोही नाही. पण ते उपाशी राहिले नसते. पोटात नळी घालून का होईना, आषाढापासून त्यांना अन्न मिळालं असतं. वेदनेवर औषध मिळालं असतं. कोणाशी तरी बोलता आलं असतं. भीती वाटते, एवढं तरी म्हणता आलं असतं.

होळीच्या आधी दादा गेले. मणिकर्णिकेवर आमच्या लोकांची एवढी गर्दी मी तोवर पाहिली नव्हती. अध्यक्ष तिथेच बोलले, वैराग्याबद्दल. मी अग्नी दिला आणि उभा राहिलो. लोकांच्या नजरा माझ्यावर होत्या आणि मी तोंडावर तसाच कोरडा, न हलणारा भाव धरून ठेवला होता. ज्याला मी शिकवणीत ऑस्टिअर चेहरा म्हणत असे, तो. रडलो असतो तर बोललो असतो.

श्राद्धाच्या वेळी प्रश्न आला. ज्याने अन्न सोडलं त्याच्या पानावर अन्न वाढावं का? गुरुजींनी अध्यक्षांना विचारलं, अध्यक्षांनी आणखी कोणाला. ठरलं की दूध आणि फळं ठेवावीत. माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, गुरुजी सांगतील तसं. तेव्हापासून दरवर्षी पितृपक्षात दादांच्या तिथीला पानावर दूध आणि केळं. वडिलांना, आईला, वहिनींना सगळा स्वयंपाक. दादांना दूध. वर्षं गेली. अध्यक्ष गेले, ते गुरुजी गेले. मुलगा पुण्याला गेला. पद्धत राहिली.

गेल्या वर्षीची ती सभा झाली आणि थोड्याच दिवसांनी पितृपक्ष आला. आता जे गुरुजी येतात ते जुन्या गुरुजींचे चिरंजीव, तरुण आहेत, मराठी बोलता बोलता हिंदीवर जातात, मोबाईल उपरण्यात ठेवतात. तिथीच्या सकाळी मी दोनदा उठून पुन्हा आडवा झालो. बायकोला वाटलं रक्तदाब वाढला. मी तिला म्हणालो, “आज दादांच्या पानावर सगळं वाढ. पोळीसुद्धा.”

तिने पोळपाट काढला. तिने कणीक आधीच भिजवून ठेवली होती की माझं ऐकून भिजवली, हे मला कळलं नाही.

पानं मांडून झाली. गुरुजींनी एकवार नजर फिरवली आणि दादांच्या पानाशी थांबले. “काका, ये वाले दादाजी तो दुग्धाहारी थे न? वडिलांनी मला सांगितलंय. त्यांच्या पानावर अन्न चालत नाही.”

मला भीती वाटत होती. या वयात, स्वतःच्या घरात, एका पोराएवढ्या माणसासमोर. बायको पळी हातात धरून उभी होती.

“नाही,” मी म्हणालो. “ते आजारी होते. त्यांना गिळता येत नव्हतं. अन्न सोडलं हे मी सांगितलं होतं. खोटं सांगितलं होतं.”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ते काही विचारतील, आणि मग मला सगळंच सांगावं लागेल, कार्तिकातली पंगत, उपरणं, सगळं. मी तयारही होतो.

“मग आधी सांगायचं ना, काका,” ते म्हणाले. “इतकी वर्षं उपाशी ठेवलंत की त्यांना.” आणि बायकोकडे वळून, “काकू, तूप वाढा वरून. थंड होतंय.”